परकोटाची खिडकी

अमरावतीच्या जवाहर दरवाजातून भाजीची पिशवी सांभाळीत किंवा दुचाकीचा कर्णा वाजवीत आत शिरणाऱ्या माणसाला, आपण एका जुन्या बंदोबस्ताच्या पोटातून चाललो आहोत याचे भान सहसा नसते. निजामाच्या अमलात, १८०७ च्या सुमारास, पेंढाऱ्यांच्या धाडींपासून येथील धनिक व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचे रक्षण व्हावे म्हणून सुमारे सव्वादोन मैल घेराचा आणि वीस ते सव्वीस फूट उंचीचा हा दगडी परकोट बांधावयास घेतला गेला, आणि त्याला पाच दरवाजे व चार खिडक्या ठेवण्यात आल्या. या खिडक्या हवेसाठी ठेवलेल्या नव्हत्या. भिंतीत ठेवलेली ती लहान दारे होती. हत्ती-घोड्यांचा लवाजमा दरवाजातून जावा आणि पायी माणसाने खिडकीतून जावे, अशी ती योजना. पेंढारी गेले, निजामाचा अंमल गेला, इंग्रजांचाही गेला. पण खोलापुरी आणि नागपुरी या दोन दरवाजांची नावे आजही अमरावतीच्या दोन पोलीस ठाण्यांना चिकटून आहेत, आणि रक्षणाचे काम भिंतीकडून ठाण्याकडे कसे आले याचा सगळा इतिहास त्या दोन पाट्यांत सामावलेला आहे.

याच चार खिडक्यांपैकी एकीचे नाव जुन्या गॅझेटियरात ‘खुनारी’ असे नोंदलेले आहे. तिच्याजवळ झालेल्या एका हाणामारीत शेकडो माणसे ठार झाली, म्हणून ते नाव पडले. लुटारूंना अडवण्यासाठी लक्षावधी दगड रचले गेले, पण त्या दगडांच्या पायथ्याशीच झालेला रक्तपात त्यांना अडवता आला नाही. वस्तीतील गुन्हे कमी व्हावेत म्हणून शासनाने आणि लोकांनी मिळून जे उपाय आजवर योजले, त्यांचा वऱ्हाडापुरता हिशेब मांडावयास बसले की ही खुनारी खिडकी पुनःपुन्हा आठवते. कारण भिंत कोठे बांधावी हा प्रश्न तुलनेने सोपा असतो, खिडकीशी कोणी उभे राहावे आणि येणाऱ्याला काय विचारावे हा प्रश्न अवघड असतो.

खेड्यांनी या अवघड प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर फार पूर्वी शोधले होते. वऱ्हाडातल्या एखाद्या गावी एस. टी.तून उतरून तुम्ही वेशीच्या आत पाऊल टाकले, की पारावर किंवा ओट्यावर बसलेला एखादा म्हातारा तंबाखूची चिमूट दाढेत धरून सावकाश विचारतो, “कोन्या गावचे जी तुमी? कोनाच्या घरचे पाव्हने?” या प्रश्नात आतिथ्य किती आणि चौकशी किती, हे विचारणाऱ्यालाही सांगता येणार नाही. पाहुणा असेल तर त्याला घर दाखवायला एखादे पोर धावत जाते, आणि पाहुणा नसेल तर तो गावात आहे ही गोष्ट पाच मिनिटांत गावभर होते. या पहाऱ्याला वेतन नाही, गणवेश नाही आणि सुटीही नाही. रात्री फिरणारा जागल्या, दवंडी पिटणारा कोतवाल आणि सर्वांवर पाटील, ही उतरंड या पारावरच्या प्रश्नाच्या पायावर उभी होती. गावात चोरी झाली, तर माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचवण्याची जबाबदारी गावाचीच मानली जाई.

राज्यकर्त्यांनी या व्यवस्थेला कायद्याची चौकट दिली. वऱ्हाडासाठी १९०० साली पाटील-पटवाऱ्यांचा स्वतंत्र कायदा झाला, आणि सारा वसूल करणारा हातच गुन्ह्याची खबर देणारा हात ठरला. या योजनेत सोय होती, तसा अन्यायही होता. कारण पाटीलकी वंशपरंपरेने चालत आलेली, आणि वतनदाराच्या वाड्यातूनच गुन्हा घडला तर खबर द्यावयाची कोणी, हा पेच कायमचा. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनाने १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीचे वतन खालसा केले आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे पद नव्याने घडवले. आता उपविभागीय दंडाधिकारी नेमणूक करतो, जन्म हा अधिकाराचा आधार राहिलेला नाही आणि स्त्रियाही या पदावर काम करतात. गावातील हालचालींची माहिती ठाण्यास कळवणे, संशयास्पद मृत्यूची खबर देणे, गुन्हा घडू नये म्हणून आधीच हात घालणे, तपासात अंमलदारास साहाय्य करणे, ही त्यांची कर्तव्ये. पूर्ण वेळचा सरकारी नोकरही नाही आणि निव्वळ खासगी गृहस्थही नाही, अशा उंबरठ्यावर हा माणूस उभा असतो. त्याचे सारे सामर्थ्य या उंबरठ्यात आहे आणि त्याची अडचणही तेथेच आहे. कारण ज्याच्याविरुद्ध खबर द्यावयाची, त्याच्याच शेजारी त्याला उद्या सकाळी बैल जुंपावयाचे असतात.

कायद्याने पद निर्माण होते, वृत्ती निर्माण होत नाही, ही गोष्ट वऱ्हाडाला कोण्या सरकारी परिपत्रकाने शिकवलेली नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात दारू, कर्ज व अज्ञान यांच्यावर कोरडे ओढीत. त्याच जिल्ह्यातील यावलीचे तुकडोजी महाराज मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थनेचा पाठ गावोगाव नेत. तुकडोजींच्या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीते’त ग्रामरक्षणाला स्वतंत्र स्थान आहे, आणि ते रक्षण संघटन, श्रम व शिक्षण यांच्या संगतीने सांगितलेले आहे ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. सायंकाळी गाव एका जागी अर्धा तास शांत बसते तेव्हा प्रार्थनेचे पुण्य कोणाला किती लाभते हे ईश्वर जाणो. परंतु सकाळी धुऱ्यावरून भांडलेले दोघे संध्याकाळी एकाच सतरंजीवर बसलेले आहेत, हे सर्व गाव पाहते, आणि भांडण रात्री कुऱ्हाडीपर्यंत जाण्याच्या आड ही सर्व गावाची नजर येते.

धुरा हा शब्द वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला कदाचित समजावून सांगावा लागेल. दोन शेतांमधली जी बांधाची अरुंद पट्टी, तो धुरा. त्या हातभर जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वैर चालते. धुऱ्यावरून बोलाचाली होते, बोलाचालीतून ढोरे दुसऱ्याच्या पिकात घातली जातात, शेतांकडे जाणारी पांदण अडवली जाते, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून हात उचलला जातो, आणि एखाद्या रात्री कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजीला आग लागते. ठाण्याच्या दफ्तरात शेवटी नोंद होते ती आगीची किंवा खुनाची; तिच्या आधीच्या पाच-सात वर्षांची नोंद कोठेच नसते. गुन्हा हा बहुधा तंट्याचा शेवटचा अध्याय असतो, आणि ठाण्याला पोथी हाती येते ती त्या अध्यायापासून.

आधीचे अध्याय वाचावयास लावणारी मोठी सरकारी योजना म्हणजे १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील हे तिचे प्रवर्तक. ग्रामविकास खाते सांभाळताना गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान ज्यांनी राबवले, तेच हे गृहमंत्री. स्वच्छतेत जे सूत्र त्यांना फलदायी वाटले, तेच त्यांनी शांततेला लावले: गावाने आपले काम आपण करावे, शासनाने मोजमाप करावे आणि उत्तम गावास पारितोषिक द्यावे. ग्रामसभेने तंटामुक्त गाव समिती निवडावयाची. तीत शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, महिला, निरनिराळ्या समाजांचे लोक आणि ठाण्याचा बीट अंमलदार असावयाचे. पोलीस पाटलाने बैठक बोलवावयाची. दिवाणी, महसुली व फौजदारी अशा वर्गवारीने गावातील जुन्या तंट्यांची यादी करावयाची आणि दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून लेखी तडजोड घडवावयाची. लोकसंख्येच्या मानाने १ लाखापासून १० लाखांपर्यंत बक्षीस, आणि ती रक्कम पुन्हा गावाच्याच कामाला.

मोहिमेची मर्यादा प्रारंभीच आखलेली होती. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे समितीपुढे आणावयाचे नाहीत. कायद्याने जे अपराध आपसांत मिटवण्याजोगे ठरवले आहेत तेवढेच तिच्या कक्षेत येतात, आणि न्यायालयात पडून असलेल्या प्रकरणातील समझोता न्यायालयापुढे ठेवल्यावाचून पूर्ण होत नाही. याशिवाय अवैध धंद्यांना आळा, सण-उत्सवांत सलोखा, आंतरजातीय विवाहांना पाठबळ, अशा प्रतिबंधक कामांनाही गुण ठेवलेले. यातील विवाहांची गोष्ट विलक्षण आहे. प्रेमविवाह केलेले जोडपे ठाण्याच्या दारी आले की पूर्वी दोन्ही घरांच्या काठ्या मागोमाग येत. पुढे तंटामुक्त समितीचा अध्यक्ष ग्रामपंचायतीच्या किंवा मंदिराच्या आवारात दोन हार आणून लग्न लावून देऊ लागला, आणि वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर अशा विवाहांच्या बातम्या नित्य दिसू लागल्या. हाणामारीचे एक ठरलेले निमित्त गावाच्या साक्षीने मंगलकार्यात बदलले.

परंतु बक्षीस हे दुधारी शस्त्र आहे. बक्षिसासाठी तंटे मिटू लागले, तसे बक्षिसासाठी तंटे दडपलेही जाऊ लागले. मारहाण झालेली सून समितीपुढे आली की ‘घरातली गोष्ट घरात’ म्हणून तिची समजूत घालणारे पंच निघाले. गरिबाला समझोत्यावर अंगठा उठवावा लागतो आणि सधनाच्या अंगाला ओरखडाही येत नाही, अशी कुजबुज काही चावड्यांवर ऐकू आली. अध्यक्षपदाची निवड हीच एक छोटी निवडणूक झाली, आणि ज्या ग्रामसभेत तंटामुक्तीचा अध्यक्ष निवडावयाचा तीच सभा उधळली गेल्याचे प्रसंग ज्यांनी पाहिले, त्यांना हसावे की रडावे कळले नाही. पुढे मोहिमेचा सरकारी जोर ओसरला. जेथे समिती बक्षिसापुरती होती तेथे ती फलकापुरती उरली. जेथे लोकांना बैठकीची सवय लागली होती, तेथे फलकाचा रंग उडाल्यावरही बैठक टिकली.

दारूच्या बाबतीत शासनाने लोकांच्या हाती याहून धारदार साधन दिले. २००८ च्या आदेशानुसार गावातील वा शहराच्या प्रभागातील एकूण किंवा महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी लेखी मागणी केली, तर परवाना असलेले दारूचे दुकान बंद करण्याविषयी गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन बाटल्यांची चित्रे, एक उभी व एक आडवी. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते पडली की दुकान बंद. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही कळेल असे हे मतदान आहे. अट मात्र कडक: झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, म्हणजे जी बाई त्या दिवशी निंदणाला गेली तिचे मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. हातभट्टीच्या दारूसाठी हे साधन निरुपयोगी. तिला परवानाच नसतो. त्यासाठी अण्णा हजारे यांच्या आग्रहावरून २०१६ साली दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन ग्रामरक्षक दलाला वैधानिक स्थान मिळाले. ग्रामसभेने निवडलेल्या या दलाने अवैध दारूची खबर द्यावयाची आणि सरकारी यंत्रणेने धाड घालावयाची, अशी ही वाटणी आहे. खबर देणाऱ्या बायांच्या अनुभवातून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. धाड लगोलग पडली तर दलाला बळ येते. आणि धाडीची वर्दी भट्टीवाल्याला आधी पोहोचली, तर त्या बायांना दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर जाणेही कठीण होते. लोकसहभाग मागणाऱ्या शासनाने लोकांच्या पाठीशी किती वेगाने उभे राहावे, याची कसोटी येथे लागते.

शहरात पार नाही आणि शीवही नाही. २०११ च्या जनगणनेत अमरावती शहराची वस्ती सुमारे साडेसहा लाख आणि अकोल्याची सव्वाचार लाखांवर होती. एवढ्या गर्दीत ‘कोन्या गावचे जी’ असे विचारण्याची सोय कोणाला? अमरावतीस पोलीस आयुक्त आहेत, अकोल्यास जिल्हा पोलीस अधीक्षक. ठाण्याची हद्द बीटांत वाटलेली, त्यावर बीट अंमलदार, मुलींच्या छेडछाडीसाठी दामिनी पथक, तातडीच्या हाकेसाठी ११२ हा क्रमांक, आणि लोकांतून निवडलेले पोलीस मित्र. यातील लोकांना हाताशी धरण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९४६ च्या डिसेंबरात दंग्यांच्या छायेत मुंबईस होमगार्ड दल स्थापन झाले, ते याच विचाराने. उन्हाळ्याच्या सुटीत व दिवाळीत कुलूपबंद घरे फुटतात, म्हणून गावी जाताना शेजाऱ्यास व ठाण्यास सांगून जा, असे पोलीस दरवर्षी बजावतात. आपण मात्र कॅमेरा बसवून निर्धास्त होतो. समोरच्या घरात कोण राहते हे आपल्याला ठाऊक नसते, आणि त्यालाही आपण ठाऊक नसतो.

या साधनांचा खरा गुण किती, याची परीक्षा परदेशांत काटेकोरपणे झालेली आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९७२-७३ साली पोलिसांनी शहराच्या काही भागांत मोटारींची गस्त वाढवली, काही भागांत थांबवली आणि काही भागांत पूर्वीसारखीच ठेवली. वर्षअखेर तिन्ही भागांतील गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, आणि लोकांच्या तर तो बदल लक्षातही आला नव्हता. पुढे नेवार्क शहरात शिपाई पायी फिरविले, तेव्हा गुन्ह्यांची संख्या फारशी घटली नाही, पण लोकांची भीती कमी झाली. कारण शिपाई आता माणसांशी बोलू लागला होता. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांवर लक्ष ठेवण्याच्या इंग्लंड-अमेरिकेतील योजनांचा एकत्रित ताळा २००८ साली मांडला गेला, त्यात गुन्ह्यांत १६ ते २६ टक्के घट दिसली. कॅमेऱ्यांचा सर्वांत मोठा गुण वाहनतळांवर आढळला. माणसे माणसांवर धावून जातात तेथे तो अल्पच. रागाच्या भरात असलेला मनुष्य कॅमेऱ्याकडे पाहत नाही, हे सांगावयास वास्तविक संशोधकांची आवश्यकता नव्हती.

माणसे माणसांवर धावून जातात तो प्रसंग अमरावती व अकोला या दोन्ही शहरांनी अलीकडेच भोगलेला आहे. त्रिपुरातील धार्मिक हिंसाचाराच्या वार्तांवरून १२ नोव्हेंबर २०२१ रोजी अमरावतीत निघालेल्या मोर्चाच्या वेळी दगडफेक झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदात दुकाने फुटली व जळली, संचारबंदी पुकारावी लागली. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दोन जमाव समोरासमोर आले आणि एका माणसाचा जीव गेला. या गुन्ह्यांतील हात बाहेरच्या पेंढाऱ्यांचे नव्हते. एकाच बाजारात भाव करणाऱ्या माणसांचे होते. खुनारी खिडकीचे नाव अशा वेळी इतिहासजमा वाटत नाही.

यावर आपल्याच राज्यातील एक उपाय अभ्यासण्यासारखा आहे. १९७० व १९८४ साली भीषण दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. सुमारे सत्तर समित्यांत हिंदू व मुसलमान बरोबरीने घेतले. गुंड व दलाल वगळून यंत्रमागवाले, शिक्षक, दुकानदार अशी साधी माणसे निवडली. आणि प्रत्येक समितीशी ठाण्यातील शिपाई जोडून दिले. बैठकीत दंगलीवर व्याख्याने होत नसत. नळाचे पाणी, गटार, भाडेकरूचा वाद, नवरा-बायकोचे भांडण, हेच विषय. या क्षुल्लक विषयांच्या निमित्ताने जी ओळख झाली, ती डिसेंबर १९९२ मध्ये कामास आली. मुंबई दंगलीत जळत असता तिच्या उंबरठ्यावरची भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली, पण ती आग विझल्यावर.

अमरावती-अकोल्यास शांतता समित्या आहेत; परंतु त्यांची बैठक बहुधा सणाच्या तोंडावर भरते, चहा होतो, सहकार्याची आश्वासने होतात, छायाचित्र निघते. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे हजारो शिवभक्त गांधीग्रामहून पूर्णेचे जल खांद्यावरच्या कावडींतून अनवाणी आणतात आणि जुन्या शहरातील राजेश्वराला अभिषेक करतात. त्या रात्रीचा बंदोबस्त करणारा कोणताही जुना जमादार सांगेल, की अरुंद वळणावर मिरवणूक अडली तर शंभर लाठ्यांपेक्षा त्या गल्लीत नावाने ओळखला जाणारा एक प्रौढ मनुष्य अधिक उपयोगी पडतो. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने आपला जुलूस आपण होऊन दुसऱ्या दिवशी काढला आणि शासनाने सुटीही २९ तारखेस नेली. असा समजूतदारपणा सणाच्या आदल्या संध्याकाळी जन्मत नाही. आधी वर्षभर कोणी तरी कोणाच्या तरी घरी जात असावे लागते.

येथवर ओळखीचे गुण गायले. तिची काळी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पारावरचा प्रश्न पाहुण्याला मायेने विचारला जातो, पण फासेपारध्याला तो दरडावून विचारला जातो. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढवली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो पुसला गेला. पुसला तो कागदावरचा. वस्तीत चोरी झाली की पोलीस गाडीचा पहिला प्रकाश पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, पडतो, आणि ग्रामरक्षणाच्या नावाने रात्री फिरणारी तरुण मंडळीही त्याच दिशेने वळतात. ओळखीच्या वर्तुळाबाहेर ज्यांना ठेवले, त्यांच्यासाठी ते वर्तुळ म्हणजे परकोटच असतो, आणि लोकांनी आपले रक्षण आपण करावे या तत्त्वाचे झुंडीत रूपांतर व्हावयास एक अफवा पुरते.

या कोड्याला अमरावती जिल्ह्यातच एक उत्तर मिळालेले आहे. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे, स्वतः फासेपारधी समाजातून आलेल्या मतीन भोसले यांनी जिल्हा परिषदेची शिक्षकाची नोकरी सोडून २०१२ साली रस्त्यावर भीक मागणाऱ्या मुलांसाठी आश्रमशाळा काढली आणि तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’ ठेवले. नाव विचार करण्याजोगे आहे. ज्या मुलांना जन्मापासून ‘तू येथे काय करतोस?’ हाच प्रश्न समाजाने विचारला, त्यांनी तो प्रश्न उलटून समाजापुढे धरला. वस्तीतील गुन्हे कमी करण्याचे उपाय मोजताना ही शाळा सहसा कोणत्याही सरकारी रकान्यात मोजली जात नाही. परंतु बेड्यावरचे मूल शाळेत टिकले, तर ठाण्याच्या संशयिताच्या यादीतले एक भावी नाव कमी होते, हे साधे गणित आहे. याच विचाराचा एक जुना धागा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात सापडतो. १९१४ साली आखाड्याच्या रूपाने सुरू झालेल्या या संस्थेने १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले खेळ जगाला दाखवले. संध्याकाळी मल्लखांबाला लागलेले हात चौकात रिकामे लोंबत नाहीत, एवढे तिचे सामाजिक कार्य गृहीत धरावयास कोणतीही आकडेवारी लागू नये.

हिशेबाच्या शेवटी असे दिसते, की शासनाने देण्याजोगे पुष्कळ आहे: कायद्याचे बळ, पोलीस पाटलास रास्त मानधन, खबर देणाऱ्यास संरक्षण, हाकेसरशी धावून येणारे पथक, बीटावर महिनोन्‌महिने तोच शिपाई राहील अशी नेमणूक, आणि सून, पारधी व अल्पसंख्य यांच्या वाट्याला समझोत्याच्या नावाने अन्याय येणार नाही अशी देखरेख. शेवटची ही दोन कामे सर्वांत कमी खर्चाची आहेत आणि बहुधा म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहेत. शेजाऱ्याचे नाव मात्र शासन आपल्याला शिकवू शकत नाही.

अमरावतीचा परकोट आता ठिकठिकाणी ढासळला आहे. कोठे त्याला टेकून दुकाने उभी आहेत, कोठे फटीतून पिंपळ उगवला आहे. त्याच्या आत-बाहेर माणसे एकाच दिवसात दहादा ये-जा करतात, आणि कोणी कोणाला हटकत नाही. हटकू नये हे ठीकच. पण कधी एखाद्या संध्याकाळी समोरच्या घरात नव्याने राहावयास आलेल्या माणसाला ओट्यावर थांबवून ‘कोन्या गावचे जी तुमी?’ असे विचारून पाहावे, आणि उत्तर कोणत्याही गावाचे, जातीचे वा धर्माचे आले तरी पुढचा प्रश्न चहाचा असावा.